कमी कर्बोदकं, नवरात्राचे उपवास आणि मधुमेहाच्या गोळ्या : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण रुग्णाच्या आणि घरच्यांच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, वय आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. औषधं, आकडे आणि घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे. रुग्ण, ज्यांना इथे ताई म्हणतो, माझ्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी दुसऱ्या प्रसंगात दाखल झाल्या. त्याआधीचं सगळं त्यांच्या वहीवरून, तालुक्याच्या डॉक्टरांशी बोलून आणि त्यांच्या सुनेने सांगितल्यावरून जुळवलं आहे. वाचून कोणी आपल्या गोळ्या परस्पर कमी-जास्त करू नयेत, ही पहिली विनंती.

पार्श्वभूमी

ताई अंगणवाडी सेविका. वय पन्नाशीच्या पुढे, मधुमेह नऊ वर्षांचा, सोबत बीपी. उंची १५४ सेंटिमीटर, वजन ७४ किलो. आषाढात तपासलेलं एचबीए१सी ८.८ टक्के, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर साधारण २०६. मूत्रपिंडाचं काम चांगलं, क्रिएटिनिन ०.९.

औषधं विचारली की त्या "तीन गोळ्या" सांगायच्या. एक "मोठी गोळी" सकाळ-संध्याकाळ, एक पिवळी सकाळी, एक बीपीची. त्या तीन गोळ्यांत पाच औषधं होती. मोठ्या गोळीत ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि हळूहळू सुटणारं मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम. पिवळी गोळी डॅपाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम. बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड. आपल्याकडे मिश्र गोळ्या इतक्या सर्रास आहेत की रुग्ण गोळ्या मोजतो आणि औषधं मोजायची राहतात. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात ऑक्टोबर २०२० मध्ये संपलं, किंमत खाली आली आणि हे औषध तालुक्याच्या मेडिकलमध्येही सहज मिळू लागलं. हृदय आणि मूत्रपिंडासाठी ते खरोखर चांगलं औषध आहे. पुढे जे घडलं त्यावरून त्याला वाईट ठरवू नये.

ताईंच्या भावजयीने दिवसातून दोनदाच जेवायचं, भात-पोळी-साखर सोडायची असं करून बरंच वजन उतरवलं होतं. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत दोन वेळा जेवण्याची पद्धत घरोघर पोहोचली आहे. त्यातून अनेकांची साखर आणि पोट दोन्ही आटोक्यात आलेलं मी पाहिलं आहे. ताईंनीही आषाढाच्या शेवटी सुरुवात केली. आधी दिवसात चार साखरेचे चहा, सकाळी पोहे, दोन्ही वेळा पोळ्या आणि भात असायचा. आता अकरा आणि सात अशी दोन जेवणं: पालेभाजी, मटकीची उसळ, अंडी, ताक, मूठभर शेंगदाणे, क्वचित अर्धी भाकरी. माझ्या हिशेबाने कर्बोदकं अडीचशे ग्रॅमच्या वरून पन्नास-साठ ग्रॅमवर आली, तीही एका आठवड्यात. गोळ्या मात्र जुन्याच राहिल्या. त्या अडीचशे ग्रॅमच्या हिशेबाने दिल्या होत्या.

पहिला प्रसंग : श्रावणी सोमवार

श्रावणातले सोमवार ताई लग्नाआधीपासून करतात. दिवसभर चहा-पाणी, संध्याकाळी दिवेलागणीला सोमवार सोडायचा. त्या सोमवारी सकाळी आठला बिनसाखरेच्या चहाबरोबर त्यांनी नेहमीच्या गोळ्या घेतल्या.

साडेबाराच्या सुमारास त्या मुलांची वजनं घेत होत्या. काट्यावरचा आकडा दिसेना. एकाच मुलाचं वजन रजिस्टरमध्ये दोनदा लिहिलं गेलं. ब्लाउज घामाने भिजला, हात थरथरायला लागले. मदतनीस बाई हुशार. तिने लगेच साखरपाणी दिलं आणि उपकेंद्राच्या सिस्टरना बोलावलं. बोटाची साखर ४८ निघाली, आणि तीसुद्धा साखरपाणी पोटात गेल्यावर.

दहा-पंधरा मिनिटांत बरं वाटलं. उपवास मोडल्याची रुखरुख लागून ताईंनी पुढे काही खाल्लं नाही. चारला पुन्हा तेच, या वेळी ५६. हे अपेक्षितच होतं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं आणि पोटात अन्न आहे की नाही हे ते बघत नाही. असर जवळजवळ चोवीस तास टिकतो. साखरपाणी मात्र तासाभरात संपतं. म्हणून ७० च्या खाली साखर गेली की तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, आणि ग्लिमेपिराइड घेतलेलं असेल तर मागोमाग भाकरी किंवा दूध-केळं असं टिकणारं काहीतरी पोटात जायलाच हवं. त्या दिवशीचा उपवास तिथेच संपतो.

दुसऱ्या दिवसापासून ताईंनी स्वतःच्या मनाने मोठी गोळी सुरीने अर्धी करून घ्यायला सुरुवात केली. विचार सरळ होता, खाणं निम्मं तर गोळी निम्मी. पण त्या गोळीतलं मेटफॉर्मिन हळूहळू सुटण्यासाठी बांधलेलं असतं. गोळी मोडली की ती बांधणी बिघडते. ग्लिमेपिराइडचा थर बरोबर अर्धा होईलच असंही नाही. जुलाब आणि पोटात मुरडा आला तो आहारामुळे असं त्यांना वाटलं.

समोर असलेले पर्याय

आठवड्याने त्या तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेल्या. वही बरोबर होती. अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरची कोरी पानं, रेघा मारून केलेले रकाने: तारीख, उपाशीपोटी, रात्रीच्या जेवणाआधी, शेरा. इतकी नेटकी नोंद क्वचित बघायला मिळते. उपाशीपोटी साखर ९० च्या आसपास, रात्रीच्या जेवणाआधी ७२, ७८, ६९.

डॉक्टरांपुढे तीन वाटा होत्या. आहार सोडायला लावायचा आणि गोळ्या तशाच ठेवायच्या. आपल्याकडे हेच बहुतेक वेळा होतं, कारण त्यात धोका कमी दिसतो. पण ८.८ च्या एचबीए१सीवर रुग्ण स्वतःहून भात-पोळी कमी करते आहे आणि आपण तिला पुन्हा पोळ्या वाढा म्हणतो, हे मला पटत नाही, त्यांनाही पटलं नाही. दुसरी वाट म्हणजे आहार ठेवायचा आणि सगळी औषधं एकदम बंद करायची. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्कॉटलंड आणि ईशान्य इंग्लंडमध्ये झालेल्या डायरेक्ट अभ्यासात तसंच केलं होतं. साधारण साडेआठशे कॅलरींचा आहार आणि मधुमेहाच्या व बीपीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद. वर्षअखेर ४६ टक्के लोक औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. पण त्या लोकांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता आणि मागे प्रशिक्षित माणसं नियमित भेटत होती. नऊ वर्षांचा मधुमेह असलेल्या, महिन्यातून एकदा तालुक्याला येणाऱ्या बाईला ते जसंच्या तसं लावता येत नाही.

डॉक्टरांनी तिसरी वाट धरली. आहार चालू ठेवायचा आणि शुगर लो करणारी औषधं त्या मानाने उतरवायची.

काय ठरलं

सगळ्यात चांगलं पाऊल म्हणजे मिश्र गोळी फोडून दोन वेगळ्या गोळ्या दिल्या: ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम फक्त सकाळच्या जेवणाबरोबर, मेटफॉर्मिन ५०० दोन्ही जेवणांबरोबर. दहा दिवसांनी वही बघून ग्लिमेपिराइड पूर्ण बंद केलं. साखर १०५ ते १४० मध्ये स्थिरावली. हायपो, म्हणजे साखर एकदम खाली जाण्याचे प्रसंग, थांबले. वजन ७१ वर आलं.

पिवळी गोळी चालू राहिली. कारण विचारल्यावर डॉक्टरांनी मला मोकळेपणाने सांगितलं: "ती शुगर लो करत नाही. वजनाला मदतच होईल असं वाटलं." हे विधान खरं आहे. एकटं डॅपाग्लिफ्लोझिन हायपो करत नाही, कारण ते इन्सुलिन वाढवत नाही. मूत्रपिंड गाळलेली साखर परत रक्तात ओढून घेतं, ती ओढ हे औषध थांबवतं आणि साखर लघवीवाटे जाते. हायपोच्या भीतीने औषधांची क्रमवारी लावली तर ते सुरक्षित टोकाला बसतं. केटोनच्या, म्हणजे चरबी जळताना तयार होणाऱ्या आम्ल पदार्थांच्या, भीतीने लावली तर पहिल्या नंबरवर येतं. कमी कर्बोदकं खाणाऱ्या रुग्णासाठी या दोन्ही क्रमवाऱ्या लागतात, आणि दुसरी आपल्याकडे फारशी कोणी लावत नाही. या प्रकरणातली मुख्य गोष्ट मला हीच वाटते. अमेरिकेच्या औषध नियामकाने डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या औषधांबद्दल केटोॲसिडोसिसचा (केटोन साचून रक्त आम्ल होण्याचा) इशारा २०१५ मध्येच दिला होता. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांसाठी आलेल्या मार्गदर्शक लेखातही कमी कर्बोदकांचा आहार सुरू करताना हा गट बंद करावा, ग्लिमेपिराइडसारखी औषधं निम्मी किंवा बंद करावीत आणि इन्सुलिनचा डोस घटवावा असं सांगितलं आहे.

बीपीच्या गोळीकडेही लक्ष गेलं नाही. कर्बोदकं घटली की इन्सुलिन घटतं आणि मूत्रपिंड मीठ-पाणी जास्त सोडतं. त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड लघवी वाढवणारं, डॅपाग्लिफ्लोझिनही लघवी वाढवणारं. भाद्रपदात ताईंना उठताना चक्कर यायची. वहीत शेऱ्याच्या रकान्यात ते तीनदा लिहिलं आहे.

दुसरा प्रसंग : सहावी माळ

घट बसले. ताईंच्या घरी नऊ दिवसांचा उपवास सासूबाईंपासून चालत आलेला. एरवी नवरात्रात साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, रताळं, बटाट्याची भाजी चालायची. यंदा आहार सांभाळायचा म्हणून ते सगळं बाजूला ठेवलं. दिवसातून दोनदा ताक, थोडे शेंगदाणे, एखादा पनीरचा तुकडा. एवढ्यावर पहिल्या चार माळा झाल्या.

मधुमेह असलेल्यांना साबुदाणा कमी करा असं आम्ही दर नवरात्रात सांगतो, आणि ते योग्यच आहे. कोरड्या साबुदाण्यात वजनाच्या सत्त्याऐंशी टक्क्यांच्या आसपास निव्वळ कर्बोदकं असतात. पण इथे उपवासाच्या ताटातून कर्बोदकं पूर्णच गेली, एकूण खाणंही अगदी थोडं राहिलं आणि पिवळी गोळी रोज सकाळी चालू होती.

वहीतल्या या पानांवर उपाशीपोटी साखर ११२, १२१, ११८, १३४ अशी आहे. घरात सगळे खूश होते. सुनेने सासूबाईंची वही नणंदेला फोटो काढून पाठवली होती.

पाचव्या माळेला मळमळ सुरू झाली. घरच्यांनी पित्त म्हटलं. उपवासात पित्त होतंच, हे इतकं रुळलेलं आहे की कोणी दुसरं काही सुचवलं नाही. रात्री दोनदा उलटी. सहाव्या माळेला सकाळी ताईंनी ताकही घेतलं नाही, गोळ्या मात्र घेतल्या. नऊ वर्षं आम्ही डॉक्टर मंडळी "एकही गोळी चुकवायची नाही" हेच सांगत आलो होतो, आणि त्यांनी ते पाळलं. दुपारी गावातल्या दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन मिळालं. साखर तपासली, १६८. "शुगर ठीक आहे, थकवा उपवासाचा आहे" असं सांगून घरी पाठवलं. संध्याकाळी त्यांना धाप लागली तेव्हा गाडी करून आमच्याकडे आणलं.

निदान

ताई पूर्ण शुद्धीत होत्या, पण एक वाक्य दोन श्वासांत बोलत होत्या. श्वास मिनिटाला बत्तीस, खोल, ओढल्यासारखा. ऑक्सिजन ९८, छाती स्वच्छ. बीपी ९४/६०. जीभ कोरडी. तोंडाला जास्त पिकलेल्या फळासारखा वास. यजमान एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, "साखर तर पावणेदोनशेसुद्धा नाही, मग झालं काय?"

मी ताईंना विचारलं, "ताई, पोटभर शेवटचं कधी जेवलात?"

"घट बसल्यापासून नाही, डॉक्टर."

दुसरा प्रश्न गोळ्यांचा. सुनेने पिशवीतून पट्ट्या काढल्या आणि पिवळी गोळी समोर आली. लघवी तपासायला पाठवली. रक्तातली साखर १७२ आणि लघवीत साखर चार प्लस. साधारणपणे रक्तातली साखर १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही. म्हणजे मूत्रपिंड औषधाच्या सांगण्यावरून साखर सोडत होतं. लघवीत केटोन तीन प्लस. रक्तातले केटोन ५.४ मिलिमोल, तीनच्या वर असले की धोका मानतात. रक्ताचा पीएच ७.१६, बायकार्बोनेट ९, म्हणजे रक्त बरंच आम्ल झालं होतं. क्रिएटिनिन १.४ वर गेलं होतं. लॅक्टेट नॉर्मल, म्हणजे मेटफॉर्मिनमुळे होणारी आम्लता नव्हती.

निदान: साखर फारशी न वाढता झालेला केटोॲसिडोसिस.

हे कसं होतं ते थोडक्यात सांगायला हवं, कारण घरच्यांना सगळ्यात अवघड हेच जातं. कर्बोदकं नाहीत, ग्लिमेपिराइड बंद, त्यामुळे इन्सुलिन खालच्या पातळीवर. उपवासाने ते आणखी खाली. डॅपाग्लिफ्लोझिन उरलीसुरली साखर लघवीवाटे बाहेर काढतं आणि ग्लुकागॉन हे उलट्या दिशेचं हार्मोन वाढतं. शरीर चरबी जाळायला लागतं, यकृत त्यातून केटोन बनवतं. एवढ्यापर्यंत कमी कर्बोदकांच्या आहारात कोणाचंही होतं आणि त्यात वावगं काही नाही. पण केटोनला आवर घालायला थोडं तरी इन्सुलिन लागतं. ते पुरेसं नसेल आणि उलटीमुळे पाणीही कमी पडलं, तर केटोन साचत जातात आणि रक्त आम्ल होतं. साखर लघवीतून वाहत असल्यामुळे ग्लुकोमीटरवर काहीच कळत नाही.

उपचार

आयसीयूमध्ये सलाईन, शिरेतून इन्सुलिन, पोटॅशियमवर नजर. साखर आधीच कमी असल्यामुळे इन्सुलिनबरोबर पहिल्यापासून ग्लुकोजची बाटली चालू ठेवली. यजमानांनी ती बाटली पाहिली आणि बाहेर येऊन सिस्टरशी वाद घातला, की शुगरच्या पेशंटला ग्लुकोज कसं लावलं? त्यांचं विचारणं रास्त होतं. त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की आत्ता साखर उतरवायची नाही, केटोन थांबवायचे आहेत. त्याला इन्सुलिन लागतं, आणि इन्सुलिन द्यायचं तर ग्लुकोज द्यावंच लागतं.

तीस तासांत आम्लता गेली. लघवीतली साखर मात्र चौथ्या दिवसापर्यंत येत राहिली. या औषधाचा असर शेवटच्या गोळीनंतर काही दिवस रेंगाळतो. म्हणूनच ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी ते थांबवायला सांगतात, आणि म्हणूनच "उपवासाच्या दिवशी सकाळची गोळी टाळली" एवढं पुरत नाही. पाचव्या दिवशी ताई घरी गेल्या.

निर्णयाच्या जागा

पहिली जागा आषाढातली, आहार बदलला त्या आठवड्यातली. भात-पोळी थांबवणं हा औषधाचा डोस बदलण्याइतकाच मोठा बदल आहे आणि गोळ्यांची आखणी त्याच दिवशी व्हायला हवी, पंधरा दिवसांनी नाही. ताईंनी आधी विचारलं नाही, कारण डॉक्टर नको म्हणतील याची त्यांना खात्री होती. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या दवाखान्यात आहाराचा विषय काढला की रागावणं मिळतं, तिथला रुग्ण न सांगता आहार बदलतो. "करा, पण आधी मला गोळ्या दाखवा" असं म्हणणारा डॉक्टर हवा.

दुसरी जागा श्रावणातली, पिवळ्या गोळीची. तिचं हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं काही खास कारण ताईंना नव्हतं. ते असतं तर प्रश्न खरा अवघड झाला असता. हृदय कमजोर असलेल्या रुग्णाचं हे औषध काढून त्याला कडक लो-कार्ब द्यायचा, की औषध ठेवून आहार मध्यम ठेवायचा? मी दुसरं निवडेन. अशा रुग्णाला दोन्ही वेळा भाकरी चालू ठेवायला सांगेन आणि लांब उपवासांना स्पष्ट नाही म्हणेन. ताईंच्या बाबतीत औषध थांबवणं सोपं होतं.

तिसरी जागा घट बसायच्या आधीची. आहार, औषध आणि उपवास या तिघांचा मेळ तेव्हा कोणी घातला नाही, कारण उपवासांबद्दल विचारायची पद्धतच नाही. रमजानसाठी मधुमेहतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहेत. रोजे सुरू व्हायच्या सहा-आठ आठवडे आधी रुग्णाला बोलवायचं, धोका किती आहे ते ठरवायचं, गोळ्यांच्या वेळा बदलायच्या, रोजा कधी सोडायचाच ते सांगायचं. हीच शिस्त श्रावण, नवरात्र, चातुर्मासासाठी लावता येते. पहिल्या भेटीत एकच प्रश्न पुरे: "वर्षात कोणकोणते उपवास धरता, आणि त्यात काय चालतं?" निर्जळ, एकभुक्त, फराळाचा आणि उठता-बसता हे चार वेगळे उपवास आहेत, चौघांचा औषधांशी हिशेब वेगळा.

चौथी जागा पाचव्या माळेची रात्र. उलट्या सुरू झाल्या की पिवळी गोळी थांबवायची, मेटफॉर्मिन आणि बीपीची गोळीही डॉक्टरांना विचारेपर्यंत थांबवायची, हे ताईंना कोणीतरी आधी सांगितलेलं असायला हवं होतं. गोळी कधी घ्यायची याबरोबर ती कधी घ्यायची नाही हेही चिठ्ठीवर लिहिता येतं.

पाचवी जागा गावातल्या दवाखान्याची. १६८ हा आकडा बघून विचार तिथे थांबला. या गटाचं औषध घेणाऱ्याला मळमळ, उलटी, पोटदुखी किंवा धाप असेल तर साखर कितीही असो, केटोन बघायलाच हवेत. रक्तातले केटोन मोजता येत असतील तर उत्तम. नसतील तर लघवीची पट्टी. एक सावधगिरी मात्र हवी. कमी कर्बोदकं खाणाऱ्या धडधाकट माणसाच्या लघवीतही पट्टी रंगते, त्यामुळे नुसत्या रंगावरून घाबरायचं नाही. शिवाय लघवीची पट्टी मुख्य केटोन मोजतच नाही, त्यामुळे ती फिकट आली म्हणून निश्चिंतही व्हायचं नाही. औषध, लक्षणं आणि पट्टी तिन्ही एकत्र वाचायचं आणि शंका आली तर पाठवून द्यायचं.

नंतरची आखणी

डिस्चार्जच्या वेळी घरात दोन मतं होती. यजमानांना आहाराचा विषयच नको होता. "आधीचं बरं होतं, भात खात होती पण आयसीयूत तर गेली नव्हती." ताईंना मात्र उतरलेलं वजन गमवायचं नव्हतं, गुडघे हलके झाले होते. मी ताईंच्या बाजूचा होतो. कमी खाण्याने त्यांचं भलं होत होतं. घात झाला तो आहार, औषध आणि उपवास एकमेकांना न विचारता एकत्र आल्यामुळे.

डॅपाग्लिफ्लोझिन कायमचं बंद केलं आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं. या गटातलं कोणतंही औषध मिश्र गोळीतूनही परत येऊ नये यासाठी सुनेला नाव पाठ करायला लावलं: शेवटी "ग्लिफ्लोझिन" असलेली गोळी नको. आता मेटफॉर्मिन आणि सिटाग्लिप्टिन यांच्याबरोबर याच गटाच्या तिहेरी गोळ्याही मिळतात, ब्रँडच्या नावावरून काही कळत नाही.

मेटफॉर्मिन क्रिएटिनिन पूर्ववत झाल्यावर सुरू करून हळूहळू वाढवलं, सिटाग्लिप्टिन १०० जोडलं. बीपीसाठी नुसतं टेल्मिसार्टन. सहा आठवड्यांनी सी-पेप्टाइड आणि जीएडी अँटिबॉडी तपासल्या. स्वादुपिंड बऱ्यापैकी काम करतं आहे आणि हा टाइप-वनचा उशिरा आलेला प्रकार नाही, याची खात्री करणं गरजेचं होतं. दोन्ही अहवालांतून ती खात्री पटली.

आहार पन्नास ग्रॅमवरून साधारण एकशे दहा-वीस ग्रॅम कर्बोदकांवर आणला. दोन्ही जेवणांत एकेक ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, अंडं किंवा दही, दुपारी एक पेरू, संध्याकाळी मूठभर फुटाणे. भात सणावारी. जेवणं दोनच ठेवली, ती त्यांना जमतात. वहीत दोन रकाने वाढले: बीपी, आणि "आज काय खाल्लं नाही".

नवरात्र पुढच्या वर्षी उठता-बसता धरायचं ठरलं, पहिली आणि शेवटची माळ. सासूबाईंचा उपवास आपल्या हातून मोडतो आहे हे ताईंना खूप लागलं होतं. हा निर्णय मी घेतला नाही. त्यांच्या थोरल्या जाऊबाई भेटायला आल्या होत्या, त्याच म्हणाल्या, "अगं, आत्यांनीसुद्धा शेवटची दहा वर्षं उठता-बसताच केला होता." माझ्या तासाभराच्या समजावण्याने जे झालं नसतं ते या एका वाक्याने झालं.

निष्पत्ती

तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.० टक्के, वजन ६८ किलो. सहा महिन्यांनी ६.७ आणि ६६ किलो. औषधं चालू आहेत, त्यामुळे याला मधुमेह मागे हटला असं म्हणता येणार नाही. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे त्यासाठी औषधं थांबवून किमान तीन महिने एचबीए१सी ६.५ च्या खाली राहावं लागतं. ताईंना तिथपर्यंत जायचं आहे. घाई करू नका, असं मी दर भेटीत सांगतो. उठताना चक्कर येणं थांबलं. बीपी १२६/७८ च्या आसपास.

मार्गशीर्षातले गुरुवार आले तेव्हा त्या आधी विचारायला आल्या. रात्री देवीला नैवेद्य दाखवून जेवायचं, तोवर उपवास. घेत असलेल्या औषधांत हायपो करणारं काही नव्हतं, म्हणून धरायला हरकत नाही म्हटलं. अटी लिहून दिल्या: पाणी आणि ताक भरपूर, दुपारी एक फळ, मेटफॉर्मिन त्या दिवशी फक्त रात्रीच्या जेवणाबरोबर, दुपारी बाराला आणि चारला साखर बघायची. ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, उलटी झाली, चक्कर आली तर उपवास तिथेच सोडायचा. चारपैकी तीन गुरुवार नीट पार पडले. तिसऱ्या गुरुवारी अंगणवाडीत पोषण आहाराची तपासणी होती, पाणी प्यायचं राहिलं, दुपारी डोकं जड झालं. साखर ९६ होती. तरी त्यांनी चारला दूध-केळं घेतलं आणि वहीत शेरा लिहिला: "सोडला."